झोळीतनं सांगलीला गेलेला पियानो

तवा तितं कोन कोन हुतं ते आदी सांगते, म्हंजी मागनं घोळ नको. बाई हुत्या, पियानो त्यांचा. मी हुते, त्यांच्या घरी सैपाकपानी करनारी. माजी तान्ही पोर हुती. माजा मामा हुता, आईचा थोरला भाऊ, बैलगाडीवाला. मामाचा दोस्त हुता, पयल्या लढाईतनं पेन्शनीत आल्याला, त्येला समदी हवालदारच म्हनायची. आन् मामाची दोन बैलं, एक पांढरा, एक तांबडा. सांगलीत शाळेचे चेरमन आन् त्यांची मंडळी, म्हंजी बायकू, भेटली, ती फुडं येतीलच. नावं कुनाचीच सांगत न्हाई. निम्मी मानसं आता न्हाईत, आन् नाव घेऊन हसलं की मानसं रागावत्यात, मेल्याली बी.

दुसरी लढाई चालू हुती. माजा नवरा पलटनीसंगं लांब वाळूच्या मुलखात गेला आन् तितंच ऱ्हायला. तार आली तवा पोर पोटात हुती. पोरगी झाली तवा सासरची म्हनली, आता हितं तुजं काय काम.  लुगड्याचं गठुळं बांदलं आन् निगाले. मामाच्या घरात त्येची त्येलाच पाय पसरायला जागा न्हवती, म्हनून त्येनं मला साताऱ्यात बाईंच्याकडं आनून सोडलं.

बाई पांढऱ्या पायाच्या म्हनून लोक त्यांच्या दारावरनं जायाचं टाळायचे. नवरा डाक्टर हुता, त्यो अचानक गेल्याला. त्येनंच एका परत जानाऱ्या सायबाकडनं त्यो पियानो घेतल्याला. बाई त्येच्यावर पोरीस्नी गानी शिकवायच्या, त्येच्यावरच चूल चालायची. मग दिरानं घर इकायला काढलं. आता जायाचं कुटं? तवा सांगलीच्या पोरींच्या शाळेचं बोलावनं आलं. गान्याच्या मास्तरनीची नोकरी आन् शाळेमागं ऱ्हायाला दोन खोल्या. पर चेरमननी सांगून धाडलं, गानाऱ्या बाया सांगलीत बी हायती, आमास्नी पियानो पायजे. त्यो वाजत असंल तर खोल्या.

बाई मला म्हनल्या, "पियानो धड पोचला तर आपण तिघीही पोचलो. नाहीतर मलाच कुणाच्या दारात जायचं ते ठाऊक नाही, तुला काय सांगू."

एवढंच हुतं सारं. म्हनून त्यो कसा न्ह्याचा ह्येच्यावर अंगनात बैठक बसली.

मामा पियानोच्या भवतीनं बैल बगितल्यागत दोनदा फिरला. खाली वाकला. म्हनला, "बाई, ह्या कपाटाला चाकं हायती की. मग ह्येला गाडी कशाला? दोर बांदून वडत न्हेऊ."

"मामा, ती घरातल्या घरात सरकवायची चाकं आहेत."

"म्हंजी नुसती दाखवायची."

हवालदार म्हनला, "रेलगाडीनं धाडा." आन् कोन काय बोलायच्या आत त्येनंच मान हलीवली. "नको. पलटनीचं सामान मी लय बगितलंय. टेसनावर चढवताना पेटी एक असती, उतरवताना दोन."

मग लारीचं निगालं. तवा पेट्रोल मिळत न्हवतं, लाऱ्या कोळशावर चालायच्या. मागं ही एवढी भट्टी पेटल्याली. बाई म्हनल्या, ठिणगी उडाली तर?

"वाजत वाजत जळंल," मामा म्हनला.

"तू गप रं," हवालदार म्हनला. "तुज्या गाडीच्या चाकाला लोखंडाची धाव. सडकंवर खडी. सांगलीपतूर ह्येचा भुगा हुईल."

"आन् तुजं काय म्हननं? खांद्यावर न्हेतोस?"

"दोस्ता, मी हुकूम देनारा मानूस. वझं उचलनारा तू."

बाईंनी वरचं झाकन उघडून आतलं दावलं. आत पोलादी तारा तानल्याल्या, आन् लाकडाच्या बारक्या बारक्या हातोड्या, वरनं नमद्याच्या, म्हंजी दाबल्याल्या लोकरीच्या, टोप्या घातल्यागत. म्हनल्या, एकदा जोरात आदळला की संपलं.  च्या झाला. परत च्या झाला. भांडान काय मिटंना.

मामानं गाडी वैरन आनायला काडली आन् गल्लीच्या दगडांवरनं धाडधाड आदळत परत आनली. मी पळत गेले. माजी पोर गाडीतल्या झोळीत हुती, मामानं तिला तशीच न्हेल्ती. बगते तर पोर गाड झोपल्याली. तोंडावरची माशी बी उठली न्हवती.

मी म्हनलं, "मामा, ही झोपलीया ती झोळीत हाय म्हनून. खाली ठिवली असती तर सातारा उठीवला असता. पियानोला बी झोळी करा."

हवालदार म्हनला, "झोळी. पाच मनाच्या पोराला."

"मोटंचा नाडा हाय की," मामा म्हनला.

मोट म्हंजी हिरीतनं पानी वडायची चामड्याची मोठी बादली, आन् नाडा म्हंजी तिला बैल वडत्यात त्यो जाड दोर. त्यो तुटत न्हाई, बैल थकत्यात. मामानं गाडीच्या चारी कोपऱ्यास्नी बाभळीचे दांडगे खांब ठोकले, वर आडवी लाकडं बांदली, नाड्याची जाळी केली आन् तिच्यात पियानो टांगला. खाली उसाच्या पाचटाची गादी घातली आन् तिच्यापासनं चार बोटं वर त्यो अधांतरी. बाईंनी घरातल्या समद्या वाकळा त्येला गुंडाळल्या. हवालदार हाताची घडी घालून "आहिस्ता, आहिस्ता" म्हनत हुता, एवढंच त्येचं काम. मामानं जरा ढकलून बगितलं. पियानो हलला, पर आदळला न्हाई. मग मामानं काय करावं? माज्या पोरीच्या काजळाच्या डबीत बोट बुडवलं आन् पियानोला गालावर तीट लावली. म्हनला, झोळीत घातलंय म्हंजी दिष्ट लागनारच.

बाई रेल्वेनं म्होरं गेल्या, खोल्या बगाया आन् चेरमनला भेटाया. मला म्हनल्या, तू त्याच्याबरोबर राहा, भिजू देऊ नकोस. म्हनून मी, पोर, मामा आन् हवालदार, आमी गाडीसंगं निगालो.

साताऱ्याच्या भाईर पडलो न्हाई तवर घोटाळा. झोळीमुळं त्यो आदळत न्हवता, पर हिसका बसला की आतनं वाजायचा. ढंग्ग करून असा मोठा आवाज, आन् मग मागनं किती तरी येळ नुसतं गुंगूंगूं. बैलास्नी पाठीमागं असं कदी कुनी बोललं न्हवतं. तांबड्यानं शेपूट वर केलं आन् उदळला, पांढरा त्येच्या संगं. गाडी पळाया लागली तसा पियानो जास्ती वाजाया लागला, पियानो वाजाया लागला तशी बैलं जास्ती पळाया लागली. मी पोर पोटाशी धरून पाचटात आडवी. मामा कासरा वडून वडून उताना झाल्याला. हवालदार मागनं पळत, "रुक जाव, रुक जाव" म्हनून बैलास्नी हिंदीत वरडतोय. बैलं गावाकडची, त्यास्नी काय कळतंय. फुडं चढ लागला तवा कुटं थांबली.

थांबल्यावर बगितलं तर पियानोला कायसुदिक झालं न्हवतं. मला हसू आलं. नवऱ्याची तार आल्यापासनं मी हसले न्हवते, आन् आता थांबता येईना. मामा चिडला, "हस, हस, माजे हात खांद्यातनं निगालं." मग त्यो बी हसाया लागला.

गावं लागली की मानसं आडवी यायची. वाकळात गुंडाळल्यालं, टांगल्यालं, तीट लावल्यालं, आन् मधनंच गुरगुरतंय. "पावनं, आत काय हाय?" हवालदार गावागनिक निराळं सांगायचा. एका गावात म्हनला सायबाची आजारी म्हैस हाय. दुसऱ्या गावात म्हनला हत्तीचं पिलू, राजवाड्यावर चाललंय. तितल्या एका म्हातारीनं भाकरी आनली, म्हनली, पिलाला घाला. ती हवालदारानं खाल्ली. म्हनला, हुकूम हाय.

पर बैलं काय सुदरंनात. उंब्रजपतूर मामाचे तळहात सोलून निगाले. कराडाच्या अलीकडं दुपारचं थांबलो तवा मी पोरीची बाळुती धुवाया नदीवर गेले. परत येऊन गाडी जुपली आन् बगते तर पियानो गप. खड्डा आला, गप. दगड आला, गप. बैलं गरीब गायीगत चालाया लागली.

मी इचारलं, "मामा, ह्येला काय झालं?"

"समजूत घातली त्येची," मामा म्हनला. हवालदार दुसरीकडं बगत हुता.

मला वाटलं वाकळा आवळल्या असतील. फुडं एक नवलच झालं. इस्लामपुराच्या मुक्कामाला बैलं सोडली, तर कालपतूर ज्येला भ्यायची त्येच पियानोला ती चाटाया गेली. तांबडा तर नाक घासून उबाच ऱ्हायला. मामा म्हनला, "लाकडाला गोडी असंल." म्या म्हनलं असंल.

सांगलीचा पूल वलांडून शाळंच्या मागं गाडी लावली तवा बाई दारातच हुत्या. पियानो उतरवला, वाकळा काढल्या. एक चरा न्हाई. बाईंनी त्येच्यावरनं हात फिरीवला, मग माज्या पाठीवरनं फिरीवला. तेवढ्यात चेरमन आलेच, संगं त्यांची मंडळी. चेरमनांचा हळदीचा व्यापार, नखं पिवळी. खुर्चीवर बसले आन् म्हनले, "वाजवा."

बाई बसल्या. दोनी हात ठिवले आन् दाबले. फुस्स झालं. परत दाबले. फुस्स. पांढऱ्या पट्ट्यांच्या फटीतनं भुसा उडाला आन् चेरमनांच्या काळ्या कोटावर बसला.

चेरमननी कोट झटकला. मग मामा म्हनला, "आवं व्हय, ते ऱ्हायलंच. आत भुसा भरलाय. बैलं बुजत हुती त्येच्या बोलन्याला. आन् कासार बांगड्या न्हेतो तवा गवताच्या काडात घालूनच न्हेतो की. पोकळ ठिवली की फुटत्यात."

हवालदार म्हनला, "मी म्हनलं हुतं इचारून भर."

"तूच पोतं धरलं हुतंस."

चेरमन उठून उबे ऱ्हायले. "म्हणजे हा वाजत नाही."

 माजं गठुळं दारात पडलं हुतं. मी मनात म्हनलं, आता सोडू नगं, तसंच परत उचलायचं हाय. कुटं जायाचं ते सुचंना.

आन् बाई हसाया लागल्या. मी त्यास्नी कदी मोठ्यानं बोलताना ऐकलं न्हवतं, त्या डोळ्यांतनं पानी यीपतूर हसल्या. म्हनल्या, "मामा, अहो मामा, बैल खातात ते त्याला खायला घातलंत?" चेरमनांच्या मंडळीनं तोंडाला पदर लावला, पर खांदं हलत हुतं. मग चेरमनांच्या मंडळीच उठल्या आन् मला म्हनल्या, "अगं, चुलीची फुंकणी आहे का? आण. आणि शेजारनं आणखी एक माग." चेरमनास्नी म्हनल्या, "उभे काय राहिलात? पोर धरा."

चेरमननी माजी पोर धरली. आमी बायकांनी फुंकन्या घेतल्या. फुडची फळी काडली, खाली सूप धरलं. एक फुकायची, एक बारक्या हातोड्यांमदनं काड्या येचायची, बाई पट्ट्या दाबून दावायच्या कुटं आडकलंय. फुकून फुकून घेरी यायची, मग खाली बसून हसायचं, परत उठायचं. समद्यांची डोस्की पिवळी. सुपातला भुसा हवालदार बैलांफुडं टाकून यायचा. म्हनला, "राशन वापस." पोरगी चेरमनांची टोपी चावत हुती, त्ये कुनाला सांगावं म्हनून इकडं तिकडं बगत हुते.

मग बाई बसल्या आन् पोरीस्नी शिकवायचं एक बारकं गानं वाजीवलं. आवाज आला. जरा खाकरल्यागत, पर आला. मधी दोन पट्ट्या मुक्या हुत्या, बाईंची बोटं त्यास्नी वलांडून जायाची, हिरवं शेत वलांडल्यागत पाय उचलून.

चेरमन म्हनले, "त्या दोन का वाजवत नाही?"

"या गाण्यात त्या लागत नाहीत," बाई म्हनल्या.

त्यांची मंडळी बाईंकडं बगून गालात हसली. चेरमननी खिशातनं किल्ल्या काडल्या, पोरीसकट बाईंच्या हातात दिल्या.

भुसा त्यातनं लय म्हैनं निगत ऱ्हायला. वरच्या सुरात गेलं की एकांदी काडी भाईर पडायची आन् पोरी फिदीफिदी हसायच्या. त्या दोन पट्ट्या मागनं मिरजेच्या एका कारागिरानं नीट केल्या.

दोन खोल्यांतली आतली बाईंनी मला दिली. चूल मावंल आन् पोर रांगंल एवढीच. पर दाराला आतनं कडी हुती. सासरी माज्या दाराला कडी न्हवती, म्हायेरी दारच न्हवतं. पयल्या सांजंला मी ती कडी लावली, काडली, परत लावली. बाईंनी भाईरनं इचारलं, काय चाललंय गं? मी म्हनलं, काय न्हाई, बगतीया. त्या खोलीत माजी पोर शाळंला जायापतूर मोठी झाली.

ज्यो कोन हे वाचंल त्येला माजं एकच सांगनं हाय. तुमच्या घरात कामाला बाई ऱ्हात असंल, तर तिला झोपायला द्याल त्या खोलीच्या दाराला आतनं कडी बसवून द्या.