पहिला तास गणिताचा

शाळेचं वेळापत्रक बरीच वर्षं मीच आखायचे. गणिताचा तास कायम पहिला. सकाळी डोकं ताजं असतं हा माझा हट्ट. त्यापायी मुख्याध्यापकांशीही भांडले होते. मी भोरहून स्कूटीवर यायचे आणि वेळेच्या बाबतीत साक्षात जमदग्नी. घंटेनंतर येणाऱ्यानं तास संपेपर्यंत व्हरांड्यात उभं राहायचं.

मार्गासनीजवळच्या वाडीतून एक मुलगी वेल्ह्याकडच्या आमच्या शाळेत एसटीनं यायची. मराठीत, विज्ञानात हुशार. तिला नर्स व्हायचं होतं. गणितात मात्र भोपळा. रोज उशिरा यायची, रोज मुकाट्यानं बाहेर उभी राहायची. कधी सबब सांगितली नाही, म्हणून मला ती निर्ढावलेली वाटायची. नववीत असताना तिच्या वडिलांना बोलावून सांगून टाकलं, "हिला गणिताचं डोकंच नाही."

"व्हय बाई," ते लगेच म्हणाले, "आमच्या घरात कुनालाच न्हाई."

त्यांनी माझ्याशी वाद घालायला हवा होता.

ती दहावीत असताना, दिवाळीनंतर, माझी स्कूटी बंद पडली. नसरापूरहून एसटी धरली. वाटेत ती चढली, मला बघून दाराशीच थांबली. शाळेशी उतरलो तेव्हा पहिला तास अर्धा झाला होता.

"याच्या आधी गाडी नाही का?" मी कंडक्टरला विचारलं.

"न्हाई बाई. आधीची पहाटं सुटती, मग हीच."

मी तडक वर्गात शिरले, खडू उचलला. मला कुणी काही म्हणालं नाही. वळून पाहते तर ती व्हरांड्यात, आपल्या नेहमीच्या जागी उभी.

तिला आत घेतलं. पण तास बदलला नाही. बदलला असता तर मुख्याध्यापकांपुढे चूक कबूल करावी लागली असती. वर्ष संपतच आलंय, अशी मनाची समजूत घातली. ती गणितात नापास झाली, फक्त गणितात. पुन्हा बसली नाही, लग्न झालं.

परवा नसरापूरच्या बाजारात भेटली. वाकून नमस्कार केला आणि लेकीला कौतुकानं म्हणाली, "ह्या माज्या बाई. लई जीव तोडून शिकवायच्या. माजंच डोकं चालायचं न्हाई."

नाही गं, तुझं नाही, एवढंच म्हणायचं होतं. मी लेकीला विचारलं, "कितवीत आहेस?"