पाहुण्यांच्या दिवशी फुललेला सुरण

हदगावच्या बाजारातून आईनं भाजीला आणलेल्या सुरणाला टोपलीतच कोंब फुटला, म्हणून मी तो रंगाच्या रिकाम्या बादलीत लावला. पावसाळ्यात छत्रीएवढं पान आलं, अजगरासारखा ठिपक्यांचा देठ आला. पण चार क्रोटन लावून मिरवणारे शेजारी त्याच्याकडं ढुंकून बघायचे नाहीत. आई म्हणायची, "भाजी कुणी शोभेला लावतंय का?" मी नांदेडच्या कॉलेजात तासिकेवर वनस्पतिशास्त्र शिकवते, पण घरात माझं कोण ऐकतंय!

हिवाळ्यात पान गळालं, बादलीत नुसती माती उरली. उन्हाळ्याच्या शेवटी मला बघायला लातूरचे पाहुणे येणार होते. पत्रिका जुळली होती. मुलाशी फोनवर बोलणं झालं होतं आणि खरं सांगते, मला तो आवडला होता. हे स्थळ जमावं, असं पहिल्यांदाच मला स्वतःला वाटत होतं.

नेमकं त्याच दिवशी बादलीत फूल उमललं. कोबीएवढं, काळपट तांबडं, सुरकुतलेलं, खाली झालरीचा घेर. मी हरखून बघत बसले. दुपारनंतर घरभर घाण सुटली. बाबा म्हणाले, "उंदीर मेलाय." त्यांनी माळा रिकामा केला, आईनं ऊद जाळला. मी फुलाकडं बोट दाखवत होते, पण फुलाला असला वास असतो हे कुणाला पटेना. शेवटी बाबांनी वाकून हुंगलं, तोवर पाहुण्यांची गाडी दारात उभी होती.

मुलाच्या आईनं पदर नाकाला लावला. "हे काय लावलंय बाई दारात?"

"माशा याव्यात म्हणून वास सोडतंय ते. उद्यापर्यंत जाईल," मी सांगितलं. मुलगा बघायला दोन पावलं पुढं आला, मग आईकडं बघून मागं सरकला.

दोन दिवसांनी फोन आला, पत्रिका जुळत नाही. जुळलेली पत्रिका कशी उलटली, ते आम्ही विचारलं नाही. मला लई वाईट वाटलं, मी आत जाऊन रडले.

बाहेर बाबा बादली उचलून उकिरड्याकडं निघाले होते. आईनं ती त्यांच्या हातातून घेतली आणि फाटकाजवळ, तुळशीच्या शेजारी नेऊन ठेवली.

"राहू द्या," ती म्हणाली. "पुढचे पाहुणे ह्याच्यावरून आत आले, तरच पोहे करीन."