गॅसवाली

"उचलूचा नाय हां मॅडम. कापूचा." पहिल्याच दिवशी तिने मला बजावलं.

घाटकोपरच्या एका रुग्णालयात एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र आहे, तिथे मी समुपदेशक. रोजची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, हे माणसांच्या गळी उतरवायचं, एवढंच माझं काम. माझ्याकडे औषधं घेणाऱ्या या बाईशी ठरलं होतं की सकाळी नऊला गोळी घेतली की तिने मला रिंग द्यायची आणि मी ती कापायची. "तुमी कापलात की माका कळता, पोचला." नाहूरला एका खोलीत मुलगा, सून, नातू. तिथे ती बोलणार काय?

नवरा कशाने गेला हे तिने घरात कळू दिलं नव्हतं, मग स्वतःचं कुठून सांगणार? तिच्या फोनात माझं नाव 'गॅसवाली' होतं. गोळ्या पावडरच्या जुन्या डब्यात असायच्या. सुनेला सांगितलं होतं, गुडघ्याच्या आहेत. एकदा सुनेने आपल्या आईसाठी त्यातल्या चार मागितल्या.

"दिल्यात?"

"दिलंय तर. केमिस्टाकडच्या, कॅल्शियमच्या. विहीणबाईंचे गुडघे बरे झाले ना." आणि तोंडाला पदर लावून ती पोटभर हसली.

अशी सरळ चेहऱ्याने थापा मारणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला ती आवडतात. चार वर्षं नऊच्या ठोक्याला तिची रिंग यायची. मी हातातलं काम न सोडता अंगठ्याने कापायची.

मग भावाला अर्धांगवायू झाला म्हणून ती गावी गेली. आठ दिवसांचा महिना झाला. रिंग येत होती, मी खूश होते. एकदा सलग चार दिवस रिंग दिवसातून दोन-तीनदा आली. गावाला घड्याळ कोण बघतं, असं मनाशी म्हणत मी प्रत्येक वेळी कापली. पाचव्या दिवसापासून रिंग बंद. मी दोनदा फोन लावला, लागला नाही. नंतर मी अहवालांच्या गडबडीत पडले. खोटं कशाला बोलू, मी विसरले.

तीन महिन्यांनी ती वॉर्डात भेटली. टीबी झाला होता, हाडांवर नुसती कातडी उरली होती. तिच्या गोळ्या गावी संपल्या होत्या. तालुक्याच्या दवाखान्यात केसपेपर काढायला तिचाच पुतण्या बसतो, तिथे ती कशी जाणार? विहिरीपाशी रेंज यायची. तिथे जाऊन ती मला फोन लावत होती.

"उचला म्हणून लावलंय ओ. पण तुमी कापलात. माका वाटला, तुमका कळला. गोळ्ये धाडतलात." माझा चेहरा बघून तीच पुढे म्हणाली, "जावंदे. कापूक मीच सांगितलंय ना."

तिने एकदा तरी मला शिव्या घालायला हव्या होत्या.

मुलाला तिने शेवटपर्यंत टीबी एवढंच सांगू दिलं. पंधरा दिवसांनी सकाळी तिच्या नंबरावरून फोन आला. पहिल्याच रिंगला मी उचलला.

"गॅसवाल्या बाई का? आई गेली परवा. तिच्या फोनात रोज तुमचाच नंबर दिसतोय. एवढं काय बोलायची ती तुमच्याशी?"

"सिलिंडरचंच," मी म्हटलं.

चार वर्षांत तिच्या नंबरावरून आलेला हा एकच फोन मी उचलला होता.