गुऱ्हाळाच्या जागेतलं हसू

आमच्या घरी पाहुण्याला चहाआधी चळवळीचं पत्रक मिळायचं. मी बाराखडी गिरवली तीही उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. त्यामुळे कसबा बावड्याबाहेर, बंद गुऱ्हाळाच्या जागेत काही पोरांनी गॅरेज टाकलं आणि ओल्या काँक्रीटवर गाड्या गरागरा घसरवत व्हिडिओ काढायला सुरुवात केली, तेव्हा मीही पत्रकच काढलं. टायरचा धूर, कानठळ्या बसवणारा आवाज, वस्तीतली दचकून उठणारी तान्ही पोरं. एक शब्द खोटा नव्हता. वर फोटो छापला. गाडी चालवणारा खिडकीतून डोकं काढून ओरडतोय, असा कुंपणावरून मीच मोबाईलवर टिपलेला.

वस्तीच्या सभेत मी बोलणार होते. आदल्या दिवशी गॅरेजच्या पोरांनाही सभेचं सांगायला गेले, कारण पाठीमागून विरोध करायचा नाही ही घरची शिकवण. चालवणारा माझ्याच वयाचा. गिअरबॉक्स उघडून बसला होता. ज्यावर बोलणार ते एकदा आत बसून तरी बघा, म्हणाला. मुद्दा बरोबर होता. बसले.

त्यानं हँडब्रेक ओढला, तशी गाडीची मागची बाजू पुढं यायला निघाली. गुऱ्हाळाचं धुराडं काचेतून आडवं पळत गेलं. मी किंचाळले आणि मग हसत सुटले. थांबल्यावर अजून एकदा फिरवा म्हणाले, तेही मीच.

उतरल्यावर शूटिंग करणाऱ्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. ज्याचं तोंड दिसतं त्याला दाखवल्याशिवाय काही टाकायचं नाही, अशी त्यांच्यात रीत होती.

"टाकू का, ताई? झकास हसलाय."

"नको. काढून टाका. उद्या मला तुमच्याविरुद्ध बोलायचंय."

एवढा खूश विरोधक पहिल्यांदाच बघतोय, असं त्यानं चिडवलं. पण व्हिडिओ माझ्यासमोर काढून टाकला.

मग चालवणाऱ्यानं गाडीच्या कप्प्यातून माझं पत्रक बाहेर काढलं. पेठ वडगावचं स्थळ त्याला सांगून आलं होतं. मुलीच्या मामांच्या मोबाईलवर हे पत्रक कुणीतरी पाठवलं, आणि आता ती माणसं विचार करून कळवतो म्हणत होती.

"धुराचं लिवलंय ते खरं हाय," तो म्हणाला. "पर मला कुणी इचारलं न्हाय की, ताई."

सार्वजनिक हित हे शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते. ते गिळले. मी पुन्हा गाडीत बसते, व्हिडिओ काढा आणि खुशाल टाका, असं काहीतरी बोलले.

"त्यानं माझं काय हुतंय?" एवढं म्हणून तो परत गिअरबॉक्सकडं वळला.

दुसऱ्या दिवशी सभेत मी एकही मागणी मागं घेतली नाही. पण सुरुवातीलाच, माइकवर, फोटो न विचारता छापल्याबद्दल जाहीर माफी मागितली. रात्रभर घोळवलेली, नीट लिहून काढलेली माफी. तो बोलावल्याप्रमाणे आला होता आणि मागं भिंतीला टेकून उभा होता. पुढच्या रांगेतले एक काका मागं वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "फोटुतला त्यो ह्योच व्हय?"

सगळी सभा त्याच्याकडं वळून बघायला लागली. फोटो न पाहिलेलेही.

माझी माफी अजून अर्धी व्हायची होती. ती मागू का, हेही मी त्याला विचारलं नव्हतं.