मिसरीचा घोट

लातूरच्या दवाखान्यात मालकांना ऑपरेशनला आत नेलं आणि मी घाबरून सवयीनं मिसरी लावली. तोंड भरल्यावर पाटी दिसली, थुंकल्यास दंड. पावती फाडणारा माणूस दारातच उभा! गावाकडं अंगणाच्या कडेला थुंकणारी बाई मी, इथं गाल फुगवून बसले.

तेवढ्यात नर्स आली. “पेशंटसोबत कोण हाय? सहीसाठी ऑपरेशन थांबलंय!”

मी हात हलवत राहिले, पण तिची नजर कागदात. “कुणीच न्हाई वाटतं,” म्हणून ती वळली. माझा तर जीवच गेला बघा. डोळे मिटून सगळं गिळलं. घसा पेटला, तरी ओरडले, “बाई, मी हाय! माझे मालक हायेत ते!”

सही केली आणि गरगरून भिंतीला टेकले. “मावशी, आता तुम्हालाच झोपवावं लागतंय,” नर्स म्हणाली आणि दार लावून आत गेली. पोटातली आग धरून मी त्या बंद दाराकडं बघत बसले.