पुंजाजींची हजेरी

धम्मशीलाताई बोलायला लागल्या की समोरच्याला हुंकार द्यायलाही फट सापडत नाही. दुसरबीडला रस्त्याला लागूनच त्यांचं महामाया इलेक्ट्रॉनिक्स नावाचं दुकान आहे. महामाया हे त्यांच्या आईचं नाव. मिक्सर दुरुस्तीला आणलेलं गिऱ्हाईक नणंदेच्या गुडघेदुखीपासून चंद्रावरच्या यानापर्यंत सगळं ऐकून घरी जातं आणि पुढच्या खेपेला चांगला चालणारा पंखाही घेऊन येतं. बोलणाऱ्याचे हुलगे विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, ही म्हण ताईंसाठीच कुणीतरी केली असावी.

पण मिक्सर-पंखे हा झाला पोटाचा धंदा. ताईंचा जीव अडकलेला असतो तो मागच्या खोलीत. तिथे एक जुनं शिसवी टेबल आहे, छपरावरून शेजारच्या कडुलिंबापर्यंत ताणलेली तांब्याची तार आहे आणि भिंतीवर फ्रेम करून लावलेला सरकारी परवाना आहे. परीक्षा देऊन हा परवाना मिळाला की माणूस स्वतःच्या घरून, स्वतःच्या यंत्रावरून, आकाशातून जगाशी बोलू शकतो. अशा हौशी लोकांना हॅम म्हणतात. बोलणं धाडणारं आणि ऐकणारं यंत्र एकाच डब्यात असतं, तो ट्रान्सीव्हर. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे, काचेचे व्हॉल्व्ह असलेले जुने ट्रान्सीव्हर दुरुस्त करणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यातलं एक बोट दुसरबीडला आहे, असं ताई स्वतःच सांगतात. लाजणं त्यांना माहीत नाही.

परवाना मिळाल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी घाबरत माईकमध्ये हाक दिली होती, तेव्हा उत्तर आलं ते सोनाळ्याहून. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेलं हे गाव जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. आवाज असा भारदस्त की टेबलावरचा चहाचा कप थरथरला. "दुसरबीडची बाई, भेऊ नको! लय खणखणीत येऊन राह्यली तू!" हे पुंजाजी. तारघरात तीस वर्षं तारा पाठवून निवृत्त झालेले. त्या एका वाक्यावर ताई एकोणीस वर्षं उड्या मारत होत्या.

गेल्या वर्षी पुंजाजींच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. ज्या आवाजानं कप थरथरायचे तो गेला. आता गळ्याला पांढरा फडका आणि हातात पाटी. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पाटीवर पहिलं वाक्य लिहिलं ते असं: "माझी चावी काढून ठेवा."

चावी म्हणजे तार पाठवायची पितळी चावी. बोटानं दाबली की टक्, सोडली की बंद. आखूड आणि लांब ठोक्यांतून एकेक अक्षर जातं. वीस-बावीस वर्षं माईकवर गप्पा मारण्यात चावी कपाटात पडून होती, पण तारबाबूचा हात ती विसरेल कशी? आणि वडनेर भोलजीला उकंडराव होते. तारघरात शेजारच्या खुर्चीवर बसलेले, अजूनही चावीवरच बोलणारे. दर रविवारी सकाळी आठला ते जुन्या मंडळींची हजेरी घेतात. एकेकाचं नाव चावीवर वाजवायचं आणि मिनिटभर वाट पाहायची. पुंजाजी त्याला माईकवरूनच 'हजर' म्हणायचे; आता ते सात महिने गैरहजर होते, तरी उकंडराव दर रविवारी त्यांचं नाव घेतच होते.

पुंजाजी घरी आले, चावी पुसली, हौसेनं सेट लावला आणि सेटमधून धूर निघाला.

बाहेरगावी नोकरी करणारा मुलगा गणेश तो सतरा किलोचा सेट गोधडीत गुंडाळून एसटीनं दुसरबीडला घेऊन आला. "ताई, तीन आठवडे हायेत," तो म्हणाला. "उकंडरावबाबा पुण्याले पोराकडं चालले कायमचे. सातव्या मजल्यावर तार बांधू देत नाईत तिथं. त्यायची शेवटची हजेरी हाय. बाबाले त्यात हजर राहायचंय."

"मंग त्यायले फोन करून सांगता नाई येत?" ताईंनी विचारलं.

"म्या बी तेच म्हटलं. तं बाबानं पाटीवर लेहलं, मी जित्ता हाय हे दुसऱ्यानं काऊन सांगाव?"

ताईंनी त्या दिवशी दुकानाला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. आणि काय सांगावं, पुढचे अठरा दिवस त्यांच्या अंगात आलं होतं! आतले मोठे कंडेन्सर सुकून फुगले होते, ते त्यांनी जुन्या इन्व्हर्टरमधल्यांनी बदलले. रिले नावाच्या खटक्याच्या टोकांवरची काजळी पोस्टकार्डाची पट्टी घासून काढली. आत आठशे व्होल्ट खेळत असतात, म्हणून पदर खोचून डावा हात कमरेमागे ठेवायचा आणि एकाच हातानं काम करायचं, हा त्यांचा नियम. शेवटी अँटेनाच्या जागी शंभर वॅटचा बल्ब लावला आणि माईक हातात घेतला.

"हॅलो, हॅलो! दुसरबीडवरून धम्मशीला!"

बल्ब पेटला! "हॅलो" म्हटलं की भडकायचा, श्वास घेतला की विझायचा. बोलणं डोळ्यांनी दिसत होतं. ताई हरखून गेल्या. शेजारचा चहावाला, पलीकडची शिंपीण, एक परकं गिऱ्हाईक, सगळ्यांना बोलावून त्यांनी बल्ब दाखवला. कुणी कापसाचा भाव सांगितला, कुणी अभंग म्हटला. बल्ब सगळ्यांवर पेटत होता.

शनिवारी ताई सेट घेऊन निघाल्या. चिखली, खामगाव, शेगाव, पुढे आणखी एक गाडी. सेट मांडीवर, आणि शेजारच्या प्रवाशांना अख्खं रेडिओशास्त्र फुकट. सोनाळ्याला पोचल्या तेव्हा दिवस कलला होता आणि वीज गेलेली. वीज आली ती रविवारी सकाळी सात वाजता. आठला हजेरी.

पुंजाजी पांढरा सदरा घालून, दाढी करून, टेबलासमोर बसले होते. त्यांची बायको गोजरबाई दाराला टेकून उभी. ताईंनी सेट लावला. व्हॉल्व्ह केशरी झाले, खरखर आली, आणि लांब कुठेतरी कुणीतरी चावी वाजवत असल्याची किणकिण. पुंजाजींचे डोळे लकाकले. त्यांनी चावीची पिन मागच्या भोकात खोचली, बोट ठेवलं आणि दाबलं.

काही नाही. सेटवरच्या मीटरची सुई जागची हलली नाही.

पुन्हा दाबलं. काही नाही.

ताई पुढे सरसावल्या. "असं कसं होईल? माईक आना, माईक!" माईकवर त्या ओरडल्या, "हॅलो!" तर सुई उडी मारून पुढे गेली. "हे पाहा! चालून राह्यला ना! म्या शंभरदा बोलून पाह्यलं काका, गावानं बोलून पाह्यलं!"

गोजरबाई दारातून शांतपणे म्हणाल्या, "बाई, तुमी बोलल्या. पण ह्यायले तं चावीनंच बोला लागते."

ताई मटकन खाली बसल्या. अठरा दिवसांत त्यांनी चावी एकदाही लावून पाहिली नव्हती! ज्या माणसाचा आवाज गेला त्याचा सेट त्यांनी आवाजानं तपासला होता. दुनियेत कुणाला सुचणार नाही अशी चूक, आणि ती सुचली त्या एकट्या बोलक्या बाईला. त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

पुंजाजींनी पाटी ओढली आणि लिहिलं: "अजून चाळीस मिनिटं आहेत. रडू नको. शोध."

आणि ताई उठल्या. वायर काढली, साठवलेली वीज उतरवली, पदर खोचला, डावा हात मागे. मीटर लावून पाहिलं: चावी चांगली, दाबली की मीटर पिपाणी वाजवत होतं. क्षणभर वायर लावून पाहिली तर भोकाच्या एका तारेवर पाहिजे तितका विजेचा दाबही येत होता. मग चावी दाबल्यावर तो उतरत का नव्हता? "म्हणजे दुसरी तार!" ताई किंचाळल्या. "जमिनीवाली!" ती तार वरून तर नीट चिकटलेली दिसत होती. दात कोरायच्या काडीनं त्यांनी ती हळूच ढकलली. तार सोल्डरच्या टाक्याच्या आतल्या आत हलली! टाका वरून झकास, आतून सुटलेला. माईकवर बोलताना ती जोडणी दुसरीकडून आपोआप होते, म्हणून वीस वर्षं कुणालाच पत्ता लागला नव्हता.

"सापडलं! काकू, सापडलं!"

आता फक्त एक टाका. ताईंनी पिशवीत हात घातला. मीटर होतं, पेचकस होते, सोल्डरची गुंडाळी होती. टाका मारायचं सोल्डरिंग आयर्न मात्र दुसरबीडला. सेट ठीक झाला आहे याची इतकी खात्री, की ओझं कशाला म्हणून ते ताईंनी तिथल्या टेबलावरच ठेवलं होतं! दुष्काळात तेरावा महिना.

घड्याळात पावणेआठ.

"काकू, गॅस पेटवा!"

अर्थिंगच्या जाड तांब्याच्या तारेचा तुकडा ताईंनी तोडला, टोक ठोकून चपटं केलं आणि सांडशीत धरून शेगडीवर लाल केला. स्वयंपाकघरातून पळत टेबलापाशी येईपर्यंत तांबं थंड. पुन्हा लाल केलं, पुन्हा पळाल्या, पुन्हा थंड. गोजरबाई म्हणाल्या, "आगीले काऊन पळवून राह्यल्या? डब्बाच इकडं आना!" आणि ऐंशीला टेकलेल्या त्या बाईनं नवऱ्याच्या जोडीनं एक बाजू धरली, ताईंनी दुसरी. सतरा किलोचा सेट ओट्यावर पोळपाटाशेजारी येऊन बसला. ताईंनी तांबं टाक्यावर टेकवलं, सोल्डर वितळून चांदीसारखं पसरलं, तार बसली. फुंकर मारायची नाही, हलायचं नाही. तिघांनीही श्वास धरला.

"बसला!"

टेबलावर परत आणून सगळं जोडेपर्यंत आठ वाजून दहा मिनिटं. व्हॉल्व्ह तापायला आणखी एक मिनिट, आणि ते मिनिट संपता संपेना. मग खरखर, आणि खरखरीतून उकंडरावांची चावी. हजेरी अर्धी झाली होती. परवान्याच्या परीक्षेसाठी शिकलेले ठोके आठवत ताई ऐकून ऐकून मोठ्यानं नावं सांगू लागल्या. एक हजर, दुसरा हजर, एकाचं उत्तर नाही. मग चावी जरा थांबली.

"आता तुमचं नाव, काका!" ताईंचा आवाज चिरकला. "तुमचंच नाव घेऊन राह्यले!"

पुंजाजींनी बोट ठेवलं. दाबलं. सुईनं उडी मारली! टक् टक् टक् टक्, टक् टाऽक, आणि पुढची अक्षरं. हात तारबाबूचा, सैल, लयीत, शेवटचं अक्षर किंचित ओढून.

"हजर!" ताई ओरडल्या. "हजर म्हटलं त्यायनं!"

पण उकंडराव उत्तर देईनात. खरखर चालू होती आणि दुसरं काही नाही. पोचलं की नाही? टाका पुन्हा सुटला? ताईंचा हात सेटकडे गेला. पुंजाजींनी तो धरला आणि मान हलवली: थांब.

पलीकडून चावी वाजली, अडखळत. ताई एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं वाचत होत्या. "घसा... गेला... म्हणे... तुझा..." आणि पुढचं वाचता वाचता त्या थांबल्या.

"काय म्हणते तो?" गोजरबाईंनी विचारलं. "सांगा ना बाई! काय म्हणते?"

ताईंनी डोळे पुसले. "म्हणते, घसा गेला म्हणे तुझा. मले तं तू पहिल्यासारखाच ऐकू येऊन राह्यला."

पुंजाजी हसले. गळ्याच्या फडक्यातून नुसती हवा फसफसली, पण खांदे गदगदत होते. आणि मग जी चावी सुरू झाली ती सात महिन्यांचं तुंबलेलं सगळं घेऊन. दवाखान्याचं, धुराचं, पुण्याच्या सातव्या मजल्याचं. मधेमधे उकंडराव काहीतरी खोडसाळ बोलायचे आणि पुंजाजी टेबलावर हात आपटायचे. अर्ध्या तासाची हजेरी दहा वाजून गेले तरी संपली नाही. ताईंना तो वेग झेपेना, पण त्या टाळ्या पिटत होत्या. शेवटी उकंडरावांनी निरोप घेतला, पुंजाजींनी घेतला, पुन्हा उकंडरावांनी घेतला. मग सेट बंद झाला.

गोजरबाई इतका वेळ भिंतीला टेकून बसल्या होत्या. आता उठून नवऱ्याजवळ आल्या. "बाई," त्या ताईंना म्हणाल्या, "सात महिने झाले, हे पाटीवर लेहतात आन मी नुसती मान हालवतो. मले वाचता येत नाई. पण हे तं कानानं ऐकायचं हाय ना? मले बी येईल का?"

ताई काही बोलायच्या आत पुंजाजींनी बायकोचा हात ओढून घेतला आणि तळहातावर बोटानं वाजवलं. लांब, लांब, आखूड. थांबून पुन्हा तेच. लांब, लांब, आखूड.

"हे काय?" गोजरबाईंनी विचारलं.

"काकू," ताई म्हणाल्या, "तुमच्या नावाचं पहिलं अक्षर."