वनिताचा 'व'

"म्याडम, मी फनिता बोलून राह्यली," फोनवर आवाज आला. मी एका काकांच्या दाढेत रूट कॅनल करत होते आणि असिस्टंटने फोन माझ्या कानाशी धरला होता. फनिता नावाची माझी कोणी पेशंट नव्हती. कोण बोलतंय ते कळायला मला जरा वेळच लागला. बोलणारी वनिता होती, आणि तिला स्वतःच्या नावातला 'व' म्हणता येत नव्हता.

तिच्या समोरच्या दातांवर चार दिवसांपूर्वी मी टेम्पररी व्हिनिअर बसवले होते. म्हणजे चूक झाली असेल तर ती माझीच होती. संध्याकाळी क्लिनिकला येऊन जा, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली की तालीम सोडता येत नाही, दिवाळी तोंडावर आली आहे.

वनिता झाडीपट्टीच्या नाटकात काम करते. आमच्या चंद्रपूर-गडचिरोली भागात धान कापून झालं की गावोगावी नाटकं सुरू होतात, ती होळीपर्यंत चालतात. बहुतेक नाटक मंडळ्या वडसा गावच्या. वनिता सावली तालुक्याकडची. कित्येक वर्षं ती नायिकेची मैत्रीण, नायकाची बहीण, शेजारीण असे रोल करत होती. या वर्षी पहिल्यांदाच एका मंडळीने तिला नायिका म्हणून घेतलं होतं.

ती माझ्याकडे आली ती उन्हाळ्यात. खुर्चीत बसली तरी तोंड उघडेना. मग उघडलं. वरच्या दातांवर तपकिरी डाग, मध्ये खडूसारखे पांढरे चट्टे, कडा खडबडीत. आमच्या भागातल्या डॉक्टरला हे ओळखायला एक्स-रे लागत नाही. याला फ्लोरोसिस म्हणतात. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलं आणि लहानपणी, दात हिरडीच्या आत तयार होत असताना, ते पाणी पोटात गेलं तर दात असेच बाहेर येतात. ती घाण नसते. मंजन, राख, मीठ, कशानेही ते जात नाही. वनिताने हे सगळं करून पाहिलं होतं. पुढे विटेचा चुरासुद्धा लावून पाहिला होता, त्याने कडा आणखी झिजल्या होत्या.

मी नेहमीचं विचारलं, हसताना लाज वाटते का? ती म्हणाली, "हसाचं काई नाई म्याडम. मले तोंड उघडून बोलाचं हाय."

मग तिने जे सांगितलं ते मला कॉलेजात कोणी शिकवलेलं नव्हतं. शाळेत असल्यापासून ती वरचा ओठ खाली ओढून बोलते. दात दिसू नयेत म्हणून. आता ती सवय इतकी मुरली आहे की स्टेजवरसुद्धा ओठ सुटत नाही आणि आवाज तोंडातच राहतो. छोट्या रोलमध्ये ते खपून जातं. नायिकेला नाही. ती बोलत असताना मी तिचा ओठ पाहत होते. तो खरोखरच हलत नव्हता.

व्हिनिअर म्हणजे पोर्सलेनचं पातळ कवच. नखावर नकली नख चिकटवतात तसं ते दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचं. जाडी जेमतेम नखाएवढीच. त्यासाठी दात मशीनने थोडासा घासावा लागतो, आणि एकदा घासलेला दात परत वाढत नाही. म्हणून मी कोणालाही सहजासहजी व्हिनिअर सांगत नाही. लग्नाआधी एकदम पांढरे दात हवे म्हणून येणाऱ्या चांगल्या दातांच्या पोरींना मी परत पाठवते. वनिताला परत पाठवण्याचं कारण नव्हतं. पण तिला मी स्पष्ट सांगितलं, हे झटपट होणार नाही. आधी डाग जितके उतरवता येतील तितके उतरवायचे, मग व्हिनिअर. नाहीतर तपकिरी रंग लपवायला पोर्सलेन इतकं जाड आणि गच्च घ्यावं लागतं की दात बाथरूमच्या टाइलसारखे दिसतात. खर्रा, म्हणजे ती तंबाखू-सुपारी, बंद, आणि दिलेल्या तारखेला यायचंच.

ती पूर्ण पावसाळा येत राहिली. एकदा शेतातल्या धानाच्या रोवणीवरून सरळ आली, पायाचा चिखल धुऊन आत आली. तारीख एकही चुकवली नाही. खर्रा तिने पहिल्या दिवशीच सोडला होता, हे मला तिच्या हिरड्यांवरून कळलं.

दात घासल्यावर नागपूरच्या लॅबला माप पाठवलं आणि तोवर वापरायला टेम्पररी बसवले. टेम्पररी म्हणजे कच्चा मसुदा. आकार, लांबी, सगळं त्यावर ठरतं आणि लॅब तसंच पोर्सलेनमध्ये बनवते. मी तिला आरसा दिला. ती बराच वेळ पाहत राहिली. मी तिला काही वाक्यं म्हणायला लावली. तिने म्हटली, सगळं साफ होतं. मी लॅबला हिरवा कंदील दिला.

आणि चार दिवसांनी तिची फनिता झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या अपॉइंटमेंट पुढे ढकलल्या आणि मी वडशाला निघाले. बॅगेत छोटं मायक्रोमोटर, म्हणजे घासायचं हातातलं मशीन, मास्क, पेन्सिल, आरसा, माप घ्यायचं सामान. मंडळीची तालीम एका बंद राइस मिलच्या गोदामात चालू होती. दिग्दर्शक सुधाकरभाऊ साठीचे, कमरेला पंचा, आवाज असा की माइकची गरज नाही. त्यांनी मला खुर्ची दिली आणि सरळ मुद्द्यावर आले. दात छान झाले म्हणाले, फक्त आणखी थोडे मोठे आणि आणखी पांढरे पाहिजेत, लाइटमध्ये चमकले पाहिजेत. मागच्या माणसाला दिसले पाहिजेत.

मी म्हटलं, आधी ऐकू द्या.

वनिता उभी राहिली. नाटकात तिचं एक वाक्य होतं, ज्यावर दुसऱ्या अंकाचा पडदा पडतो: वचन फिरवणाऱ्याच्या वाटेला मी फिरकणार नाही. तिने ते माझ्याकडे पाहून हळू म्हटलं. स्वच्छ. सुधाकरभाऊ म्हणाले, आता स्टेजवरचं म्हण. तिने श्वास घेतला, मान वर केली आणि गोदामाच्या दुसऱ्या टोकाकडे वाक्य फेकलं.

'फचन' ऐकू आलं. पुढच्या 'फ'बरोबर नुसती हवा सुटली. तबलेवाला खाली पाहून हसला. वनिता हसली नाही. तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, पुन्हा तसंच झालं, आणि ती तिसऱ्यांदा म्हणायला उभीच राहिली.

मला तेव्हा उमगलं. 'व' म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांच्या कडेला अलगद लागतो. दात लांब असले तर तो आधीच येऊन धडकतो आणि 'व'चा 'फ' होतो. हे आम्हाला कॉलेजात शिकवतात आणि मी ते तपासलंही होतं. पण मी ते तपासलं क्लिनिकमध्ये, खुर्चीत बसवून, घरातल्या आवाजात. माणूस ओरडून बोलतो तेव्हा जबडा वेगळा हलतो, खालचा ओठ वर उसळतो. त्यातून वनिताचा वरचा ओठ इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच मोकळा सुटला होता. तिचं पूर्ण तोंडच नवीन झालं होतं आणि मी जुन्या तोंडाचं माप घेतलं होतं.

मी तिला दाराजवळ उजेडात बसवलं. दातांच्या कडांवर पेन्सिलने रेघ मारली आणि टेम्पररी किंचित घासले. मग तिला उभं करून वाक्य म्हणायला लावलं. परत बसवलं, परत घासलं. मंडळीतले सगळे गोल करून बसले होते. थोड्या वेळाने तेच मला सांगायला लागले, आता 'व' बरा आहे, 'फ' अजून फुसका आहे. सुधाकरभाऊंना मात्र ते आवडत नव्हतं. दात लहान होत चालले होते.

"म्याडम, मागच्याले दिसन नाई मंग," ते म्हणाले.

मी उत्तर देणार तेवढ्यात वनिता बोलली. तोंडात अजून पांढरा भुगा होता.

"भाऊ, दात पाहाले कोनी तिकीट नाई काढत. मले बोलू द्या."

मी आणखी एकदा घासलं. या वेळी तिने वाक्य फेकलं तेव्हा ते गोदामाच्या पत्र्यावर जाऊन आदळलं, एकेक अक्षर सुटं. तबलेवाल्याने तबल्यावर एक थाप मारली आणि तालीम पुढे सुरू झाली. मी तिथेच नवं माप घेतलं.

खरी अडचण परतीच्या रस्त्यावर कळली. लॅबला फोन केला तर टेक्निशियन म्हणाला, म्याडम, पीस तयार आहेत, उद्या पाठवतो. जुन्या मापाचे. मी त्याला सांगितलं की सगळे लांब आहेत. तो म्हणाला, मग तुम्हीच तिथे कड घासून घ्या, कोणाला कळणार?

कळलं असतं. चांगल्या व्हिनिअरची कड जरा पारदर्शक असते, खऱ्या दातासारखी, त्यामुळेच तो दात वाटतो. तीच घासली तर खाली राहते ती चिनी मातीची फुटकी कड. शिवाय घासलेल्या जागी पोर्सलेन कमजोर होतं. मी म्हटलं, नवीन बनवा. तो म्हणाला, दिवाळीची सुट्टी आहे, भट्टी बंद राहील. मी म्हटलं, मग सुट्टीच्या आधी.

सुधाकरभाऊंचा फोन आला की जे आहेत तेच चिकटवा, पहिला प्रयोग भाऊबीजेला आहे. मी वनिताला विचारलं. कारण नवीन वेळेत आले नाहीत तर टेम्पररीवर प्रयोग करायचा, म्हणजे एखादा ऐन वाक्यात निघून हातात येण्याची भीती. तिने विचार करायला वेळ घेतला नाही. म्हणाली, निघाला तर निघाला, गिळून टाकीन, पण चुकीचा पक्का नाही बसवायचा.

टेक्निशियनने शेवटी केलं. मनातून तोही कारागीरच होता, नुसती कुरकुर करत होता. पार्सल भाऊबीजेच्या आदल्या दिवशी नागपूरच्या एसटीने आलं. क्लिनिकला सुट्टी होती. मी आणि असिस्टंटने शटर अर्धं उघडून काम केलं. फ्लोरोसिसच्या दातावर तो खरखरीत करायचं ॲसिड नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवावं लागतं, नाहीतर सिमेंट धरत नाही. मी घाई केली नाही. पण सिमेंट लावण्याआधी, पाण्यासारख्या जेलने सगळे पीस नुसते टेकवले आणि वनिताला खुर्चीतून उतरवलं. म्हटलं, म्हण.

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली. बाजारातून जाणारे दोघं थांबून शटरखालून वाकून पाहू लागले. 'वचन' हे वचनच होतं. मग मी एकेक चिकटवला, निळ्या लाइटखाली पक्का केला.

पहिल्या प्रयोगाला मला जाता आलं नाही. होळीनंतर ती चेकअपला आली. हिरड्या चांगल्या होत्या, एकही कड उडालेली नव्हती. मंडळीने तिला पुढच्या वर्षासाठीही नायिका म्हणून सांगून ठेवलं होतं. मला राहवलं नाही. मी विचारलं, लोक दातांबद्दल काय म्हणाले?

"काईच नाई," ती जरा नाराजीनेच म्हणाली. दुसऱ्या अंकानंतर बाया पदर डोळ्याला लावतात, एका गावात एका म्हातारीने पडद्यामागे येऊन नायकाला शिव्या दिल्या. पण दात बदलले हे कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. "येवढी मेहनत केली म्याडम, कोनी त बोलाले पायजे होतं."

मी तिला सांगितलं की आमच्या धंद्यात यापेक्षा मोठं कौतुक नसतं. तिला ते फारसं पटलं नाही.

तेव्हापासून मी एक नियम केला आहे. समोरच्या दाताचं काम असेल तर माप पक्कं करण्याआधी पेशंटला उभं करते आणि घरात ज्याच्यावर सगळ्यात जास्त राग असेल त्याच्याशी बोलायला लावते, पूर्ण आवाजात. बाहेर बसलेल्यांना वाटतं, आत भांडण चाललं आहे. वाटू दे.